शरणपूरचे आफ्रिकन आणि सुटकेच्या दिवशीचा हिशेब

नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नरहून शरणपूर रोडने रोज जाणाऱ्यालाही त्या नावातलं 'शरण' आता ऐकू येत नाही. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे वस्ती उभारली. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली जात, त्यांना लिहिणं-वाचणं आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवलं जाई.

काळ्या समाजांच्या गरिबीचा विषय निघाला की 'त्यांची संस्कृतीच तशी' हे उत्तर फार घाईने दिलं जातं. आधी सुटकेच्या दिवशीचा हिशेब मांडावा. हातात कसब कोणतं, जमीन किती, भाषा कोणती आणि डोक्यावर कर्ज कुणाचं?

शरणपूरच्या मुलांकडे कसब होतं, इंग्रजी होती. १८७३ मध्ये आजच्या झांबियात मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं आणि शव मीठ भरून दोन आठवडे उन्हात वाळवलं. अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती इथे शिकलेल्या जेकब वेनराइटने. बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. १८७५ला आजच्या केनियात मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीरटाउन वसलं, तेव्हा शरणपूरचे लोक तिथे शिक्षक आणि कारागीर म्हणून गेले. मिशनमध्ये इंग्रजी कामाला आली. आसपासच्या गावांत मात्र ते 'बॉम्बे आफ्रिकन', म्हणजे परकेच.

जवळच्या रबाईत पळून आलेले गुलाम आसऱ्याला असत. तिथलं काम पाहणारा विल्यम जोन्स शरणपूरचाच. १८८९च्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश व्यापारी कंपनीने पैसे मोजून अशा सुमारे १,४०० जणांना मोकळं केलं. पैसे मिळाले मालकांना! ब्रिटिशांच्या गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३च्या कायद्यातही हेच झालं होतं: मालकांना २ कोटी पौंड, राबलेल्यांना दमडी नाही, उलट 'शिकाऊ उमेदवारी'च्या नावाखाली १८३८पर्यंत फुकट काम.

कॅरिबियनमधल्या हैतीत तर हिशेबच उलटा फिरवला. गुलामांनी फ्रेंचांशी लढून १८०४ला स्वतंत्र केलेल्या या देशाच्या बंदरापुढे फ्रान्सने १८२५ला युद्धनौका उभ्या केल्या आणि मळेवाल्यांच्या भरपाईसाठी १५ कोटी फ्रँक मागितले. पहिला हप्ता ३ कोटींचा. तेवढी रोकड नव्हती, म्हणून पॅरिसच्या सावकारांकडून कर्ज काढलं. कागदावर ३ कोटी, हातात २ कोटी ४० लाख. दंडावर व्याज चढलं ते असं. १८३८ला रक्कम ९ कोटींवर आणली, तरी त्या देण्यापोटी काढलेली कर्जं १९४७पर्यंत फिटत राहिली. शाळा आणि रस्त्यांवर लागायचा कॉफीच्या निर्यातीवरचा कर तिकडे वळला. याला संस्कृतीचा दोष म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

हैतीत भाषेचा काच निराळा. घराघरांत क्रेयोल ही लोकभाषा, वर्गात फ्रेंच. १९८७च्या घटनेने क्रेयोलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा केलं, तरी पुस्तकांत आणि परीक्षेत फ्रेंचचाच वरचष्मा राहिला. बाजारात सुट्या पैशांचा हिशेब चोख करणारं पोर गणिताच्या पेपरात अडतं, ते बेरजेपाशी नव्हे, प्रश्न वाचतानाच.