उत्तरेकडचा उतार

हडपसरमधल्या एका कारखान्याच्या पत्र्याच्या शेडवर सौर पॅनेल बसवायची होती. आढ्याच्या दोन्ही बाजूंना १० अंशांचा उतार होता, एक नेमका दक्षिणेकडे आणि दुसरा नेमका उत्तरेकडे. माझ्या अहवालात मी उत्तरेची बाजू वगळली होती. १० डिसेंबर हा त्या महिन्याचा प्रातिनिधिक दिवस धरून केलेल्या गणितात दक्षिण उतारावर दर चौरस मीटरला रोज सुमारे ५.४ युनिट ऊर्जा पडत होती आणि उत्तरेकडे जेमतेम ४.१. पाव हिश्शाची ही तूट मी वर्षभरासाठी गृहीत धरली होती.

बैठकीत शेडची देखभाल पाहणारे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "साहेब, जूनच्या सुरुवातीला ढग नसले, तर दुपारी साडेबाराला माझी सावली दक्षिणेला पडते. मग तेव्हा उत्तरेच्या पत्र्याला ऊन जास्त नाही का लागत?"

मला उत्तर देता आले नाही. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश आहे आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, हे मला ठाऊक होते. तरी मी ते गणितात येऊ दिले नव्हते.

त्याच दुपारी मी बाराही महिने मांडले. तिरक्या पृष्ठभागावर पडणारी ऊर्जा काढण्याची, लिऊ आणि जॉर्डन या संशोधकांनी मांडलेली आणि १९७७ मध्ये क्लाइन यांनी विस्तारलेली पद्धत यासाठी पुरेशी आहे. आडव्या पृष्ठभागावरच्या मासिक सरासरीला वातावरणाबाहेरच्या ऊर्जेने भागायचे, त्या गुणोत्तरावरून विसरित, म्हणजे हवेत आणि ढगांत विखुरलेल्या, प्रकाशाचा वाटा काढायचा, आणि उताराच्या दिशेचा हिशेब फक्त थेट उन्हाला लावायचा. डिसेंबरात बाहेरच्या ७.४ युनिटांपैकी ४.८ जमिनीवर पोहोचतात आणि त्यातले बहुतेक थेट ऊन असते, म्हणून उताराची दिशा फार महत्त्वाची ठरते. जुलैत बाहेर १०.८ असूनही खाली चारच्या आसपास उरतात, त्यातला मोठा भाग ढगांतून विखुरलेला असतो, आणि एवढ्या कमी उतारावर त्याला दिशेचे फारसे सोयरसुतक नसते. मे, जून आणि जुलै या तिन्ही महिन्यांत उत्तर उतार थोडा पुढेच निघाला, आणि वर्षाची तूट २५ नव्हे, तर सुमारे ९ टक्के भरली.

सुधारित अहवालात मी उत्तरेची बाजू घेतली, बाराही महिन्यांचे आकडे दिले आणि दोन्ही उतारांवर ऊन कमी-जास्त पडत असल्याने त्यांची पॅनेल इन्व्हर्टरच्या वेगवेगळ्या इनपुटला जोडावीत, अशी सूचना लिहिली.