जुन्या इंजिनाचं ऑइल: आधी फिल्टर ओळखा, मग ऑइल निवडा

विंटेज गाडीत कुठलं ऑइल घालायचं हे ठरवण्याआधी तिच्या इंजिनाला फिल्टर आहे का आणि असला तर कुठल्या पद्धतीचा, हे पाहून घ्या. पुढचे बहुतेक निर्णय त्यावरून ठरतात.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक इंजिनांना बदलता येणारा फिल्टर नसतोच. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यात, तारेची जाळी असते, तेवढंच गाळण. त्यानंतर आला बायपास फिल्टर. त्यात पंपातून निघालेल्या ऑइलचा लहानसा भाग, साधारण 5 ते 10 टक्के, बारीक छिद्रातून फिल्टरमध्ये जातो आणि गाळून परत चेंबरमध्ये पडतो. बेअरिंगकडे जाणारं ऑइल मात्र न गाळलेलंच असतं. फुल-फ्लो पद्धतीत सगळं ऑइल आधी फिल्टरमधून आणि मग बेअरिंगला जातं. फिल्टर इंजिनाच्या ब्लॉकपासून दूर, दोन बारीक नळ्यांनी जोडलेला दिसला तर तो बहुधा बायपास समजावा. त्या बारीक छिद्राचं महत्त्व मोठं आहे. ते नसलेला चुकीचा एलिमेंट (फिल्टरच्या आतला गाळणारा भाग) किंवा जोडणी बसवली, तर ऑइल सोप्या वाटेनं चेंबरकडे पळतं आणि गरम इंजिनाचं प्रेशर आयडलिंगला कोसळतं. दोष मग बिचाऱ्या पंपाला लावला जातो.

आता ऑइल. जुन्या काळचं डिटर्जंट नसलेलं मोनोग्रेड (एकाच ग्रेडचं) ऑइल घाण धरून ठेवत नाही, ती खाली बसू देतं. फिल्टर नसलेल्या इंजिनाला ते सोयीचं होतं, पण चेंबरच्या तळाशी वर्षानुवर्षं गाळाचा थर साचतो. अशा इंजिनात एकदम आधुनिक डिटर्जंट ऑइल घातलं तर तो थर सुटतो, पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो आणि ऑइल वर चढणंच थांबतं. म्हणून इतिहास माहीत नसलेली गाडी हाती आली, की आधी चेंबर उतरवून गाळ खरवडून काढा, जाळी रॉकेलनं धुवा, मग डिटर्जंट ऑइल वापरा. फ्लशिंग ऑइल घालून हे काम उरकू नये. त्यानं गाळ अर्धवट सुटतो आणि नको तिथे जाऊन अडकतो. इंजिन आतून स्वच्छ असेल तर फिल्टर नसला तरी डिटर्जंट ऑइलच चांगलं, असं माझं ठाम मत आहे. फक्त अशा युद्धपूर्व इंजिनात ते दर 1500 किलोमीटरच्या आसपास बदलायला हवं, कारण घाण ऑइलमध्येच तरंगत राहते आणि ऑइल काढल्याशिवाय ती बाहेर पडायला दुसरी वाट नाही.

दुसरी बाब जस्ताची. जुन्या इंजिनांत कॅमशाफ्टचा लोब, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा, सपाट टॅपेटवर घासत फिरतो. तिथला दाब प्रचंड असतो आणि ऑइलचा थर फाटला की धातूला वाचवतं ते झेडडीडीपी, म्हणजे जस्त आणि फॉस्फरस असलेलं ॲडिटिव्ह. फॉस्फरसमुळे गाडीचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून 2004 च्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम दर्जापासून 10डब्ल्यू-30 आणि त्याहून पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर 800 पीपीएमची (दहा लाखात 800 भाग) मर्यादा आली. सपाट टॅपेटला 1000 ते 1200 पीपीएम फॉस्फरस असावा. 20डब्ल्यू-50 वर ती मर्यादा नाही, तरी उत्पादकाच्या डेटा शीटमधला आकडा वाचूनच डबा घ्या. मुळात पुरेसं जस्त असलेल्या ऑइलमध्ये वरून बाटलीतलं ॲडिटिव्ह ओतू नका. प्रमाण फार वाढलं तर उलट झीज होते. कॅमशाफ्ट नवा बसवला असेल तर पहिली 20 मिनिटं इंजिन 2000 आरपीएमच्या वरच ठेवा. आयडलिंगला सोडू नका, कारण क्रँकवरून उडणारं ऑइल कमी वेगात लोबपर्यंत पुरेसं पोचत नाही.

ऑइल बदलताना इंजिन चांगलं गरम करून घ्या, म्हणजे तरंगणारी घाण ऑइलबरोबर बाहेर येते. ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर दर वेळी नवा घाला. तो नसेल तर जुनाच लालबुंद तापवून पाण्यात बुडवा, तांबं पुन्हा मऊ होतं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या डब्यासारख्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये. डब्याची कड ब्लॉकच्या खाचेत एका रबरी रिंगवर बसते. जुनी रिंग खाचेत चिकटून काळी पडलेली असते, धातूच वाटते, आणि तिच्यावरच नवी बसवली जाते. गार इंजिनाच्या पहिल्याच प्रेशरला ती बाहेर फेकली जाते आणि बघता बघता चेंबर रिकामा होतो. टोकदार सुईनं रिंग चार ठिकाणी उचलून काढा, खाच पुसून नव्या रिंगला ऑइल लावा आणि ती चारही बाजूंनी सारखी दाबत बसवा. एका टोकापासून ओढत नेली तर ती ताणते आणि शेवटी फुगवटा येतो. डब्याच्या तळाशी स्प्रिंग, वायसर, फेल्ट आणि प्लेट असतात. त्यातलं काही जुन्या एलिमेंटला चिकटून कचऱ्यात गेलं, तर नवा एलिमेंट वर दाबला जात नाही आणि ऑइल कडेनं न गाळता निघून जातं. गळती नाही, आवाज नाही, फक्त बेअरिंग झिजत राहतं.

स्पिन-ऑन फिल्टर सोपा. रबराला ऑइल लावा, टेकल्यावर हातानं पाऊण वळसा. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या काही गाड्यांवर फिल्टर उलटा, तोंड खाली करून बसतो. तिथे आत अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह असलेलाच घ्यावा, नाहीतर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी सुरू करताना बेअरिंग खडखडतं.

फोक्सवॅगन बीटलला फक्त जाळी आहे आणि ऑइल 2.5 लिटरच मावतं, त्यामुळे दर 5000 किलोमीटरला बदल चुकवू नये. जाळीच्या दोन्ही बाजूंना नवं कागदी पॅकिंग लागतं. सहा नट फक्त 7 न्यूटन-मीटरनं आवळा, कारण मॅग्नेशियमच्या केसिंगमधून स्टडचे आटे सहज उपटतात. गळतं म्हणून अजून थोडं आवळलं की केसिंगच्या दुरुस्तीचं काम निघतं.

ऑइल भरल्यावर लगेच इंजिन चालू करू नका. इग्निशन कॉइलचा पुरवठा काढून थोडा थोडा वेळ सेल्फ मारा, गेजचा काटा हलला की वायर जोडा. सुरू झाल्यावर फिल्टरच्या कडेला टॉर्च लावून पाहा, मग बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक तपासा. वरच्या खुणेपलीकडे भरू नका. क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि जुन्या दोरी-सीलमधून गळती वाढते.

काढलेलं ऑइल टाकून देण्याआधी नीट बघा. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आणि वाढलेली पातळी दिसली, तर पेट्रोलच्या मेकॅनिकल पंपाचं डायफ्रॅम फाटलंय का ते बघा. फिलर कॅपखाली दुधी साय असेल आणि गाडी जवळच्याच फेऱ्यांना वापरत असाल, तर ती बहुधा दमट हवेची वाफ. डिपस्टिकवरही तसंच दिसलं तर हेड गॅस्केट संशयित. फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा आणि चुंबक फिरवा. चिकटली ती पोलादाची चूर, कॅम किंवा टॅपेटची असू शकते. चुंबकाला न चिकटणारी चंदेरी चकाकी व्हाइट मेटल बेअरिंगची असू शकते, आणि तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर संपून आतला उघडा पडलाय का, हे चेंबर उतरवून तपासा.

गाडी हिवाळाभर किंवा पावसाळाभर उभी राहणार असेल तर ऑइल उभी करण्याआधी बदला, बाहेर काढताना नव्हे. जळालेल्या इंधनातून आलेलं आम्ल वापरलेल्या ऑइलमध्ये असतं आणि ते बंद इंजिनातही बेअरिंगचा पृष्ठभाग खात राहतं. वर्षाला 500 किलोमीटर धावणाऱ्या गाडीलाही हा नियम लागू आहे.