क्लबहाउसची चावी आणि आमचा वाचनकट्टा (माझा अनुभव)

सोसायटीत मुलांचा वाचनकट्टा कसा सुरू केला असं बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पुस्तकं आणायला एक शनिवार लागला, मुलं जमवायला व्हॉट्सॲपवर एक मेसेज लागला आणि क्लबहाउसची चावी मिळायला पाच महिने. आता पुढे कशाबद्दल वाचायला मिळणार ते कळलंच असेल.

आम्ही हडपसरच्या पुढे, फुरसुंगीच्या बाजूला राहतो. मुलगी चौथीत, इंग्लिश मीडियम. मराठी बोलते धबधब्यासारखी, पण वाचायला दिलं की जोडाक्षर आलं रे आलं की गाडी पंक्चर. आसपासच्या सगळ्या मुलांचं तेच. मे महिन्याची सुट्टी लागली, मुलं दिवसभर लिफ्टमध्ये वरखाली करत होती, तेव्हा डोक्यात आलं की दर शनिवारी तासभर बसवू. नुसतं वाचायचं नाही, गोष्ट मध्येच थांबवायची, भांडायचं, चित्रं काढायची, पात्रांना जाब विचारायचा असं काहीतरी. मेसेज टाकला, रात्रीपर्यंत चौदा नावं आली. सात ते दहा वर्षांची.

दुसऱ्या दिवशी सोसायटी ऑफिसात गेलो. काउंटरवर रजिस्टर, त्याला सुतळीने बांधलेलं पेन, पेनात रिफिल नाही. मॅनेजरनी हॉल बुकिंगचा फॉर्म दिला. त्यावर कार्यक्रमाचा प्रकार: वाढदिवस, बारसं, साखरपुडा, किटी, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि तिथेच माझं नशीब फुटलं.

"सर, क्लास आहे का?"

"क्लास नाही हो. मुलांनी पुस्तकं वाचायची, गप्पा मारायच्या."

"मग ट्यूशन?"

"नाही."

"फी किती?"

"फी नाही."

तो माणूस माझ्याकडे असा बघायला लागला की मी गॅस सिलिंडरच चोरायला आलोय. "मग तुम्ही का करताय?" म्हणाला. ह्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

फॉर्मवर तारखेला एकच चौकट. 'दर शनिवार' लिहिलं तर म्हणे चालत नाही, प्रत्येक तारखेला वेगळा फॉर्म, प्रत्येक फॉर्मला साफसफाईचे ५०० रुपये आणि २,००० चा डिपॉझिटचा चेक. वर्षाचे ५२ शनिवार धरले तर नुसत्या झाडूचे २६,००० रुपये होतात, आणि ते कशाचे, तर ज्या हॉलला आठवडाभर कुलूप असतं आणि ज्याच्या मेंटेनन्सचे पैसे आम्ही दर महिन्याला भरतोच त्याचे. मी म्हटलं कायमची परवानगी द्या. तर ते म्हणे कमिटी देईल, अर्ज ठेवून जा, मीटिंग महिन्याच्या दुसऱ्या रविवारी.

जूनच्या मीटिंगला कोरमच झाला नाही.

जुलैत विषय निघाला, सेक्रेटरी म्हणाले कल्पना फारच छान आहे. अनुभवी माणसाला इथेच कळायला हवं होतं. पुण्यात कुणी कल्पना फारच छान आहे म्हटलं की पुढचं वाक्य 'पण' ने सुरू होतं. पण म्हणे पालकांची लेखी संमती आणा. मी दोन दिवसांत चौदा सह्या आणल्या, संध्याकाळी जिने चढून, कारण बी विंगची लिफ्ट बंद होती. ऑगस्टमध्ये सांगितलं की ह्यातले पाच जण भाडेकरू आहेत, भाडेकरूची सही चालत नाही, फ्लॅटमालकाची लागेल. एका मुलाचा फ्लॅटमालक सोलापूरला, एकाची मालकीण सिंगापूरला. आता सिंगापूरच्या बाईला मी फोन करून काय सांगू, तुमच्या भाडेकरूच्या मुलाला गोष्ट ऐकायचीये, हरकत नाही ना? नाही केला फोन. त्या दिवशी ऑफिसातून येताना मी स्वतःशी मोठमोठ्याने बोलत होतो, वॉचमनने हाक मारून विचारलं, साहेब, बरं आहे ना.

इथे एक सांगून ठेवतो, नंतर विसरेन. तुमची 'सोसायटी' खरंच सोसायटी आहे की अपार्टमेंट ते आधी बघा. पुण्यात बोलताना सगळे सोसायटीच म्हणतात, पण नोंदणी काहींची १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली असते आणि काहींची १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली. नियम वेगळे, उपविधी वेगळे. मी एका मित्राच्या सांगण्यावरून भलत्याच कायद्याचा हवाला देऊन पत्र लिहिलं आणि खजिनदारांसमोर तोंडावर पडलो.

कट्टा मात्र थांबला नव्हता. मे महिन्यापासून आम्ही बी विंगच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसत होतो. पावसाळ्यात एका बाजूने पाणी यायचं, दुसऱ्या बाजूने रिव्हर्स घेणारी गाडी. एक फायदा झाला, फरशीवर खडूने काहीही काढता यायचं. गोष्टीतलं गाव काढायचं, नदी कुठून, शाळा कुठे, चोर कुठून पळाला, मुलं त्या नकाशावर उभी राहून वाद घालायची. हे घरात किंवा हॉलमध्ये नाही जमत. फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा हे कळलं त्या दिवशी तर त्यांनी आपल्या सोसायटीपासून त्याच्या घरापर्यंतचा रस्ता काढायला घेतला, तो रस्ता सेक्रेटरींच्या गाडीखालून गेला.

पण मला लक्षात राहिलाय तो चिमणी-कावळ्याचा दिवस. पुस्तक ओलं झालं होतं म्हणून मी आयत्या वेळी तोंडी गोष्ट घेतली. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, सगळ्यांना पाठ. मग खुर्चीचा खेळ, म्हणजे एकाने पात्र होऊन खुर्चीवर बसायचं, बाकीच्यांनी वाट्टेल ते विचारायचं, त्याने त्या पात्रासारखंच उत्तर द्यायचं. माझी मुलगी चिमणी झाली. आमच्यात एक सात वर्षांचा मुलगा आहे, तीन महिन्यांत 'हजर' सोडून एक शब्द बोलला नव्हता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाहेर एवढा पाऊस पडत होता आणि तू बाळाला तीट लावत होतीस?" चिमणी म्हणाली, हो, मग काय, बाळ आधी. तर हा म्हणतो, "अंघोळ झाली, पुसून झालं, काजळ झालं, तीट झाली. दार उघडायला किती वेळ लागतो?" चिमणीला उत्तर सुचेना. मागून एक मोठी मुलगी ओरडली, "चिमणी कमिटीत आहे!"

पोरं घरी काय ऐकतात ते असं बाहेर येतं. मी तेव्हा गप्प बसलो, पण रात्री बायकोला सांगताना हसून हसून ठसका लागला.

आता पुस्तकांचं. अप्पा बळवंत चौकात शनिवारी सकाळी दुकानं उघडता उघडता जा, बसने जा, गाडी नेलीत तर पार्किंग शोधण्यातच उत्साह संपतो. चौदा मुलांसाठी चौदा प्रती घेऊ नका, मी तो मूर्खपणा पहिल्यांदा केला. चार प्रती पुरतात, तीन-चार डोकी एका पुस्तकावर वाकली की आपोआप एकमेकांना जोडाक्षरं सांगतात. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त पडतात, डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो तिथून आम्ही वर्षाची बेगमी केली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर ह्या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि मुक्त परवान्याच्या आहेत, म्हणजे प्रिंट काढून वाटल्या तरी चोरी नाही. चार पातळ्यांत लावलेल्या असतात, पण मुलाची इयत्ता बघून पातळी निवडू नका, चौथीतल्या इंग्लिश मीडियमवाल्याला मराठीची दुसरी पातळी बरोबर बसते, फक्त हे त्याला सांगायचं नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन आहेत. त्यातली चित्रं दाखवली की मुलं पहिला प्रश्न विचारतात, तेव्हा कलर नव्हता का?

मोठ्याने मीच वाचतो, संवाद मुलं वाचतात. एकेकाला उभं करून परिच्छेद वाचायला लावला की शाळा झाली, पुढच्या आठवड्यात चार मुलं कमी. हे अनुभवाने सांगतोय, जूनमध्ये खरंच चार कमी झाली होती.

तर सप्टेंबर. एजीएम, म्हणजे सगळ्या सभासदांची वार्षिक सभा, ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते त्यामुळे ती झाली, त्याच क्लबहाउसमध्ये. माझा विषय अकरावा. पहिला विषय टेरेसचं लीकेज, दुसरा पाहुण्यांचं पार्किंग. दीड वाजेपर्यंत पाहुण्यांचं पार्किंगच चाललं, मग लोक जेवणाच्या डब्यांकडे बघायला लागले आणि चेअरमन म्हणाले उरलेले विषय कमिटीच्या मीटिंगला घेऊ. म्हणजे मी फिरून मे महिन्यात.

मी काय बोललो ते आठवत नाही, पण आवाज चढला होता एवढं नक्की. तेव्हा मागच्या रांगेतून भजनी मंडळाच्या एक आजी उठल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, "अहो, शनिवारी चार ते सहा हॉल आमचाच असतो की. आमच्या बायका दुपारची झोप काढून पाचला येतात. चार ते पाच तुमची पोरं बसवा." आणि पिशवीतून चावी काढली. हॉलची चावी! गेली आठ वर्षं त्यांच्याकडे आहे. मी मॅनेजरकडे बघितलं, त्यांनी फॅनकडे बघितलं. आजींना विचारलं तुम्ही फॉर्म कुठला भरला होता, तर म्हणाल्या, "कसला फॉर्म?"

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं, जे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं: ऑफिसात जाण्याआधी हॉल आत्ता कोण वापरतंय ते शोधा. भजनी मंडळ, योगावाले, गणपतीचं मंडळ, कुणीतरी असतंच. त्यांच्याशी आधी चहा प्या.

कमिटीचं पत्र ऑक्टोबरात आलं, वाचन प्रेरणा दिनानंतर, म्हणजे १५ तारखेला मुहूर्त साधायची माझी हौस तेवढी राहिली. पत्रात वाचन 'वर्गा'ला तात्पुरती परवानगी आहे, भिंतीला काही चिकटवायचं नाही, फरशीवर खडू वापरायचा नाही आणि 'मुलांनी कार्यक्रमादरम्यान शांतता राखावी.' मी ते मुलांना मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्यात जास्त गोंगाट त्याच दिवशी झाला. खडूला पर्याय म्हणून फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा उलगडून टाकतो, नकाशा त्यावर.

आता भजनवाल्या आज्या साडेचारलाच येऊन मागे बसतात. चिमणीची गोष्ट परत झाली तेव्हा चावीवाल्या आजींनी मध्येच थांबवलं, आमच्या गावाकडे चिमणी दार उघडून कावळ्याला चुलीपाशी बसवते म्हणाल्या. तो सात वर्षांचा मुलगा वळून म्हणाला, "पण किती वाजता?"

परवानगीची मुदत ३१ मार्चला संपते. ह्या वेळी शहाणपणा करून दोन महिने आधी फॉर्म आणायला गेलो होतो. फॉर्म संपलेत, झेरॉक्स मारून ठेवतो म्हणाले, सोमवारी या.