गणिताचं डोकं

मंगळवार, रात्री उशिरा

मार्कं बरी आहेत. हे आधी लिहून ठेवते, नाहीतर पुढे कधी वाचताना वाटायचं की नापास व्हायच्या भीतीनं लिहिलंय. त्रास वेगळाच आहे. वर्गात तीन-चार जणांना प्रमेय ऐकता ऐकताच दिसतं. मला ते खणून काढावं लागतं. आणि खणताना सारखं मनात येतं, मुळात आपल्यात ते आहे का?

आजचंच उदाहरण. अ‍ॅनालिसिसच्या तासाला युनिफॉर्म कन्व्हर्जन्स होतं, म्हणजे फलनांची रांग सगळ्या बिंदूंवर एकदमच सीमेजवळ पोचते का, हा प्रश्न. शून्य ते एक या अंतरावर एक्स, एक्सचा वर्ग, घन, चौथा घात, अशी फलनं घ्यायची. प्रत्येक अखंड, म्हणजे आलेख कुठेच न तुटणारा. घात वाढवत नेला की एकच्या अलीकडे सगळं शून्याकडे जातं, एकवर मात्र किंमत कायम 1 राहते. म्हणजे सीमेला जे फलन मिळतं ते शेवटच्या बिंदूवर तुटतं. फळ्यावर पाच मिनिटांत आटोपलं, माना डोलल्या, माझीही डोलली.

खोलीवर येऊन कॅल्क्युलेटर घेतला. किंमत 0.01 च्या खाली यायला घात किती लागतो? 0.5 साठी 7. 0.9 साठी 44. 0.99 साठी 459! तो 459 बघितला आणि मग कुठे उमगलं, की प्रत्येक बिंदूला आपापला आकडा मिळतो, पण सगळ्यांना पुरेल असा एक आकडा काही सापडत नाही. व्याख्येत हेच तर लिहिलंय. ती मला शब्दन् शब्द पाठ होती.

रूममेटला उत्साहानं दाखवलं तर म्हणाली, "अगं, हे उघडच आहे की." बिचारीच्या मनात काही नव्हतं. पण पुस्तकात जिथे जिथे "हे उघड आहे" असं छापलेलं असतं तिथे माझी पानंच्या पानं खर्ची पडतात, हे तिला काय सांगू.

नेमक्या याच जागी कोशी हा मोठा फ्रेंच गणिती चुकला होता, असं सर सांगतात. 1821 च्या ग्रंथात त्यानं लिहिलं, अखंड फलनांची अभिसारी, म्हणजे ठरावीक बेरजेकडे जाणारी, श्रेणी असली की तिची बेरीजही अखंडच. 1826 मध्ये नॉर्वेच्या आबेल या गणितीनं त्याला अपवाद दाखवला. आम्हाला धीर यावा म्हणून सर हे सांगतात, मला काही तो येत नाही. कोशीपुढे पाठ्यपुस्तक नव्हतं. माझ्यापुढे आहे, मागे उत्तरांसकट.

गुरुवार

आजोबांचा फोन. "काय रँग्लर, अभ्यास काय म्हणतोय?" पाढे लवकर पाठ झाले तेव्हापासून मी त्यांची रँग्लर. त्यांच्या पिढीला रँग्लर म्हणजे परांजपेच: दापोलीजवळच्या मुर्डीतून निघून केंब्रिजला गेले आणि तिथल्या गणिताच्या परीक्षेत (पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर) 1899 मध्ये आणखी एकासोबत सीनिअर रँग्लर, म्हणजे यादीत पहिले आले. मग फर्ग्युसनचे प्राचार्य. आजोबांच्या मते तिथे गोष्ट संपते.

मी ती यादी आज जरा खाली-वर वाचली. परांजप्यांच्या आदल्या वर्षी, 1898 ला, जी. एच. हार्डी चौथा होता. पुढे रामानुजनचं पत्र ज्यानं ओळखलं तोच. या क्रमवारीचा हार्डीला तिटकारा होता. 1909 ची यादी शेवटची ठरली. आणि 1890 मध्ये तर फिलिपा फॉसेट नावाची मुलगी सीनिअर रँग्लरच्याही वर होती. बायकांची नावं वेगळी वाचायचे, म्हणून ती "पहिल्याच्या वर" जाहीर झाली, यादीत नाहीच. केंब्रिजनं बायकांना पदव्या दिल्या त्या थेट 1948 मध्ये.

परांजपे आणि फॉसेट दोघंही पुढे संशोधन सोडून शिक्षणाच्या कामात गेले. मोठं गणित चौथ्याच्या हातून झालं. पण यातून समाधान काढायचं तर काय काढू? चौथा येणंही माझ्या गावात नाही.

शनिवार

वाचलेलं एक डोक्यातून जात नाहीये. अमेरिकेतल्या 30 विषयांतल्या अभ्यासकांना विचारलं होतं, तुमच्या विषयात यश मिळवायला उपजत प्रतिभा किती लागते? 2015 मध्ये "सायन्स"मध्ये आलेलं हे. ज्या विषयात "उपजतच लागते" ही समजूत पक्की, त्या विषयात पीएचडी करणाऱ्या बायकांचं प्रमाण कमी. गणितात ती समजूत बरीच पक्की.

आमच्या वर्गात मुलीच जास्त आहेत. तरी डोकं कुणाला आहे असं विचारलं तर येणारी सगळी नावं मुलांची. माझ्याही तोंडून.

त्यातलाच एक आज मेसमध्ये शेजारी बसला. बोलता बोलता कळलं, बीएस्सीला असताना तो एमटीटीएस या गणित-प्रशिक्षण कार्यक्रमाच्या उन्हाळी शिबिराला जाऊन आलाय. 1993 पासून चालतं म्हणे ते, महिनाभर नुसतं गणित. फळ्यावर उभं करून विचारत राहतात, "का? कशावरून?" युनिफॉर्म कन्व्हर्जन्सवर तो तिथेच घाम गाळून आला होता. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात असलं काही असतं हे कुणाला माहीतसुद्धा नव्हतं. ऐकून जरा हायसं वाटलं, आणि लगेच रागही आला, की हायसं वाटायला मला त्याचं शिबिर लागावं. शिवाय खरं सांगायचं तर कुणीच न पाहिलेल्या प्रश्नातही तो माझ्यापुढेच असतो. शिबिरानं सगळा हिशेब लागत नाही.

दिनीचं प्रमेय म्हणतं, कॉम्पॅक्ट संचावर (म्हणजे दोन्ही टोकं धरलेल्या अंतरासारख्या) अखंड फलनं उतरत्या क्रमानं अखंड सीमेकडे गेली, तर कन्व्हर्जन्स युनिफॉर्मच. जेवण झाल्यावर त्यालाच विचारलं, यात कॉम्पॅक्ट संच कशाला हवा? त्यानं चटकन प्रूफ सांगितलं, खुल्या आच्छादनातून सान्त उपआच्छादन वगैरे. बरोबरच होतं. मी म्हटलं, प्रूफ नको, तो काढला तर काय बिघडतं ते सांग. तो थांबला. मी माझी जुनी फलनं काढली आणि एक हा बिंदू अंतरातून वगळला. आता सीमा सगळीकडे शून्य, म्हणजे अखंड. फलनं उतरत्या क्रमानं जातात. सगळ्या अटी पुऱ्या, फक्त संच कॉम्पॅक्ट नाही, आणि 459 ची अडचण तशीच. 0.999 घेतलं तर चार हजारांच्या वर.

"हे कुठे वाचलंस?" त्यानं विचारलं. मी कॅल्क्युलेटर दाखवला. मग आम्ही दोघं मिळून उतरत्या क्रमाची अट काढून बघायला लागलो. ते उदाहरण अजून सापडलेलं नाही. उद्या सुट्टी आहे.