घरच्या ग्राफिक्स कार्डावरील विश्व : स्थाने आता पूर्णांकांत

विश्वातील दीर्घिकांचे जाळे कसे विणले जाते याची नक्कल घरच्या संगणकावर करण्यासाठी मी कुडा (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांवर गणिते करण्याची प्रणाली) वापरतो. मागील नोंदीपर्यंत 32,768 कणांचे गुरुत्वाकर्षण जोडीजोडीने काढणारा माझा कुडा प्रोग्राम नीट चालू लागला होता. एका पावलात सुमारे 107 कोटी जोड्या मोजाव्या लागत असूनही वेगाची तक्रार नव्हती. अडचण अचूकतेची होती, कारण माझ्या कार्डावर दुहेरी अचूकतेची (64 बिटांची) गणिते एकेरीच्या (32 बिटांच्या) 1/32 वेगानेच होतात.

वाट दाखवली ती टोकियो विद्यापीठातील ग्रेप-1 या 1989 सालच्या यंत्राने. दाइइचिरो सुगिमोतो यांच्या गटाने कणांमधील बल काढण्यापुरतेच बांधलेल्या त्या यंत्रात प्रत्येक जोडीचे बल अवघ्या 8 बिटांत निघे, मात्र स्थानांची वजाबाकी आणि बलांची बेरीज अधिक बिटांत होई. जोडीगणिक होणाऱ्या चुका स्वैर असल्यामुळे हजारो कणांच्या बेरजेत त्या बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात.

त्याच धर्तीवर मी स्थाने 32 बिटांच्या पूर्णांकांत ठेवली, बल एकेरी अचूकतेत काढले आणि बेरीज 64 बिटांच्या पूर्णांकांत केली. माझे विश्व म्हणजे एक घनाकृती पेटी, जिच्या प्रती सर्व दिशांना पुन्हा पुन्हा मांडलेल्या आहेत असे मानतात. 50 मेगापार्सेकच्या (1 मेगापार्सेक म्हणजे दहा लाख पार्सेक, 1 पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षे) पेटीत स्थानाची पायरी सुमारे 0.012 पार्सेक होते. इतक्या थोड्या कणांसाठी ही चैनच म्हणायची. खरा लाभ वेगळाच निघाला. पेटीची रुंदी नेमकी 2 चा 32 वा घात मानली की वजाबाकी स्वतःच गुंडाळली जाते (टोकापलीकडे गेलेली संख्या दुसऱ्या टोकाकडून पुन्हा सुरू होते) आणि कणाची, शेजारच्या पेटीतील का असेना, सर्वांत जवळची प्रतिमा एकाही अटीवाचून मिळते. शिवाय पूर्णांकांची बेरीज क्रमावर अवलंबून नसल्याने थ्रेडची (कार्डावर एकाच वेळी चालणाऱ्या गणनांची) मांडणी बदलली तरी शेवटच्या बिटापर्यंत तेच उत्तर येते.

पहिल्या चाचणीत मात्र सगळे कण पेटीच्या एकाच कोपऱ्याच्या दिशेने धावत सुटले. दीर्घिकांचे जाळे विणले जाण्याऐवजी एकूण संवेग पावलागणिक वाढत होता. वजाबाकीचे उत्तर चिन्हांकित (ऋण किंमतही धरणारा पूर्णांक) न करताच मी दशांशात नेले होते, त्यामुळे डावीकडचा शेजारी जवळजवळ पेटीभर दूर, उजवीकडे दिसत होता. एका शब्दाच्या दुरुस्तीसाठी दोन रात्री गेल्या.

उरलेल्या असंख्य प्रतिमांचे बल अजून बाकी आहे. त्यासाठी एवाल्ड पद्धतीच्या (पुन्हा पुन्हा येणाऱ्या पेट्यांतील सर्व प्रतिमांचे बल मोजण्याची रीत) दुरुस्त्यांचा तक्ता टेक्स्चर मेमरीत (कार्डाच्या चित्रांसाठीच्या खास स्मृतीत) ठेवून मधल्या किमती कार्डाच्या हार्डवेअरकडूनच काढून घ्यायच्या आहेत. तेथे अपूर्णांकाला मिळणारे बिट पुन्हा 8 च आहेत, म्हणून आधी थेट बेरजेशी पडताळणी करणार आहे.