स्पॅनिश डान्सरला मासे खात का नाहीत?

स्पॅनिश डान्सरची छायाचित्रे दाखवली की एक प्रश्न हमखास येतो: अंगावर शंख नाही, पळण्याइतका वेग नाही आणि रंग तर लालभडक, मग या समुद्री गोगलगायीला मासे सोडतात कसे? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिचे संरक्षण तिच्या आहारातून येते. हेक्साब्रँकस सँग्विनियस हे शास्त्रीय नाव असलेली ही गोगलगाय हिंदी आणि प्रशांत महासागरांतील उष्ण पाण्यात, प्रवाळांच्या आसऱ्याने राहते, ४० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि रात्री बाहेर पडून स्पंज खाते. त्या स्पंजांमधील विषारी मॅक्रोलाइड रसायने ती थोडाफार बदल करून स्वतःच्या अंगात साठवते. पेशींना आकार आणि हालचाल देणाऱ्या ॲक्टिन या प्रथिनाला ही रसायने जखडून टाकतात. प्रयोगात ती खाद्यात मिसळली, तेव्हा माशांनी ते खाद्य नाकारले.

मला याहून विलक्षण वाटतात ती तिची अंडी. गुलाबाच्या पाकळ्यांसारखी गुंडाळलेली गुलाबी-लाल फीत खडकाला चिकटवून ती निघून जाते, राखण करत नाही. पण त्या फितीत मूळ स्पंजापेक्षा कितीतरी अधिक विष भरलेले असते. याच मॅक्रोलाइडांपैकी काबिरामाइड-सी हे रसायन प्रथम हाती लागले तेही जपानच्या इशिगाकी बेटावरील काबिरा उपसागरातल्या समुद्री गोगलगायीच्या अंड्यांतून, १९८६ च्या सुमारास. (फेव्होरिनस जातीच्या चिमुकल्या गोगलगायी ही अंडी तरीही फस्त करतात, हा भाग वेगळा.)

राहता राहिला रंग. विसावलेली असताना तिच्या अंगाच्या कडा वर गुंडाळलेल्या असतात. छेडले की त्या उलगडतात, लाल-पांढरा पट्टा एकदम उघडा पडतो आणि ती शरीर वरखाली वाकवत पोहू लागते. हा इशारा असावा, असे सहसा मानतात. मला ते पूर्णपणे पटत नाही, कारण लाल प्रकाश पाण्यात काही मीटरांतच शोषला जातो आणि रात्री तो लाल रंग दिसतो तो बहुधा पाणबुड्याच्या टॉर्चमुळेच. तिला स्वतःलाही तो दिसत नाही. तिच्या डोळ्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. त्या रंगाचा उघड फायदा घेते ती तिच्या पाठीवर, कल्ल्यांच्या झुपक्यांजवळ राहणारी एम्परर कोळंबी, जिचा लाल-पांढरा रंग यजमानाच्या अंगात बेमालूम मिसळून जातो.