नाथसागरात वारं पाठीवर घेऊन: सी कयाकचे १४ किलोमीटर आणि स्केगमधला चिखल

मागच्या रविवारी मी आणि माझा मावसभाऊ दोन सी कयाक (समुद्रात चालवायच्या लांब, अरुंद वल्ह्याच्या होड्या) घेऊन जायकवाडी धरणाच्या तलावात, म्हणजे नाथसागरात, उतरलो. परवानगीचं आधीच सांगतो, नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय बोट पाण्यात घालायची नाही आणि धरणाच्या भिंतीकडं तर फिरकायचंच नाही. आम्ही उत्तरेच्या काठाकाठानं पैठणच्या दिशेला १४ किलोमीटर जाऊन भिंतीच्या बरंच अलीकडं बाहेर पडणार होतो.

तलाव ५५ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २७ रुंद, खोली त्या मानानं कमीच. पावसाळ्यातलं पश्चिमेचं वारं याच्या लांबीवरनंच येतं, म्हणजे लाटेला वाढायला मोकळं रान. मी शिकलो तारकर्लीला, तिथं समुद्राची लाट लांब असते, बोट अख्खी वर जाते आणि अख्खी खाली येते. इथली लाट आखूड आणि उभी. दोन लाटांमध्ये साधारण दोन सेकंद भरले, म्हणजे लाटेची लांबी सहा मीटरच्या आसपास आणि वेग ताशी अकरा किलोमीटर. आपली कयाक सोळा फुटी, आपण वल्हवतो ताशी सहानं, त्यामुळं प्रत्येक लाट मागून येऊन आपल्याला गाठते, मागचं टोक उचलते, पुढचं टोक समोरच्या लाटेच्या पाठीत घुसतं, आणि पुढं अडकून मागनं रेटा बसला की बोट फिरून लाटेला आडवी होते. यालाच ब्रोच म्हणतात, आणि पाठीमागनं लाटा असताना सगळी लढाई हा ब्रोच टाळायचीच असते.

निघताना काठावर एक मच्छीमार काका थर्माकोलच्या तराफ्यावरनं जाळी घेऊन आले, म्हणाले, "भाऊ, दुपारून वारं लई सुटतंय, अकराच्या आत उरका." आम्हाला पाण्यात उतरायलाच दहा वाजले. ही चूक तुम्ही करू नका, सहाला पाण्यात असा.

दुसरी चूक मोठी. कयाकच्या बुडाला मागं एक पातं असतं, स्केग, दोरी ओढून खाली-वर करायचं. वारं समोरून असेल तर वर, बाजूनं असेल तर अर्धं, पाठीमागनं असेल तर पूर्ण खाली, म्हणजे मागचं टोक पाण्याला धरून राहतं. मी बोट काठावर बसूनच पाण्यात घसरवली आणि आपली काळी माती स्केगच्या खाचेत गच्च भरली. तासाभरानं वारं वाढल्यावर दोरी सोडली तर पातं खाली येईचना! त्यात पाण्याचे कॅन पुढच्या हॅचमध्ये (सामानाच्या कप्प्यात), म्हणजे नाक जड आणि शेपूट हलकी. तीनदा बोट आडवी झाली, दोनदा सावरली, तिसऱ्यांदा पालथी.

सावरली ती लाटेकडं झुकल्यामुळं. बोट आडवी झाली की अंग आपसूक लाटेपासून लांब, खालच्या बाजूला जातं, आणि तसं गेलं की उलटलोच म्हणून समजा. लाट ज्या बाजूनं येते त्या बाजूला कयाक कलती करायची, पॅडल (वल्हं) आडवं करून त्याच्या पात्याची पाठ लाटेवर दाबायची, कोपर दांड्याच्या वर. तिसऱ्यांदा मी नेमका मागं वळून बघत होतो. मागं बघू नका, लाट कमरेखाली कळते. मागचं टोक उचलायला लागलं की पुढं झुकून दोन-तीन जोरात हात, बोट घसरायला लागली की पॅडल मागं पाण्यात धरून सुकाणूसारखं वापरा, लाट पुढं निघून गेली की सैल सोडा, लाटेच्या पाठीवर जोर लावून काही मिळत नाही, नुसता दम जातो.

पाण्यात पडलो तेव्हा एक हात बोटीला, एक पॅडलला. सुटली बोट तर वारं ती आपण पोहू त्यापेक्षा जोरात नेतं. भाऊ माझ्या बोटीच्या नाकाशी काटकोनात आला, नाक स्वतःच्या डेकवर (बोटीच्या वरच्या बाजूवर) ओढून पाणी ओतलं, बोट सरळ केली, धरून ठेवली आणि मी मागून चढलो. चार-पाच मिनिटं लागली असतील. एकट्यानं इथं येऊ नका हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. लाइफ जॅकेट अंगात, पायाशी नाही.

मग त्यानं पाण्यातच माझ्या स्केगमधला चिखल चमच्यानं काढला, पातं खाली आलं आणि बोट वेगळीच वाटायला लागली, लाट आली की शेपूट जरा हलायची आणि परत सरळ. घरी आल्यावर पात्याला बारीक भोक पाडून सुतळीचा फासा बांधलाय, आता अडकलं तर सोबतीला बाहेरनं ओढता येईल. तुम्हीही बांधा, आणि बोट गुडघाभर पाण्यात तरंगती करूनच बसा, बसल्याबसल्या स्केग एकदा खाली-वर करून बघा. पाणी आणि जड सामान मध्ये आणि थोडं मागं.

बाहेर पडायची जागा आदल्या दिवशी बघून ठेवा. काठाला बेशरमाची झुडपं पाण्यात उभी असतात, जवळच जाळीही लावलेली असतात, आणि पाठीमागनं लाट ढकलत असताना ऐनवेळी वाट शोधायला थांबता येत नाही. आम्ही जनावरं पाण्यावर येतात ती उघडी वाट धरली, दीड वाजला होता.